शिवणाच्या टीचरचं वेल्डिंग

मालवणात आमच्या वर्कशॉपच्या दारावर नाताळचा तारा बारा महिने टांगलेला असे. लाल कागदाचा, पाच टोकांचा, आत बल्ब. गणपतीत पेटायचा, शिमग्यात पेटायचा. एकदा भर मे महिन्यात नवीन पोस्टमन त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचो नाताळ सपता तरी कधी?" शेजारच्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बाईने तिथूनच उत्तर दिलं, "तारो पेटलेलो आसलो तर भितर जाव नको हां. टीचर झोडतली."

टीचर म्हणजे त्या जागेच्या मालकीण. हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर शिवण शिकवलं. मीही त्यांच्या हाताखालून गेलेली. मी वर्कशॉपमध्ये कामाला लागले तेव्हा त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, सत्तरीला टेकल्या होत्या. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा झगा, गळ्यात मोजायची टेप आणि ओठांत दोन टाचण्या. समोर कापड नसलं तरी टाचण्या असायच्याच, आणि त्या सांभाळूनच त्या बोलायच्या. त्यामुळे ऐकणारा माणूस जागचा हलत नसे. त्यांची आणखी एक गंमत होती. शिकवताना त्या पुस्तकातली मराठी बोलत आणि ओरडताना मालवणी. त्यामुळे पहिल्याच शब्दाला कळायचं की आपलं काय होणार आहे.

त्यांच्या घरामागे माडांत एक मोठी शेड होती. तिथे त्यांचा भाचा सायमन स्टीलची कामं करायचा. हॉटेलांची किचन टेबलं, सिंक, रेलिंग, मासे धुवायच्या कुंड्या. टीचरचं आणि सायमनचं उत्तम जमायचं, फक्त ग्राइंडर सोडून. वेल्डिंगचा सांधा घासायला ग्राइंडर लागला की टीचरच्या शोकेसमधले काचेचे ग्लास एकमेकांवर वाजायला लागत. दुपारची झोप आणि संध्याकाळची रोझरीची प्रार्थना, या दोन वेळांना ग्राइंडर बंद, हे जागा देतानाच ठरलं होतं. सायमन कधी विसरला, तर टीचर भांडायला येत नसत. मेन स्विच त्यांच्या ओसरीवर होता. तो त्या खाली ओढत आणि परत जाऊन पडत.

म्हणून सायमनने जेव्हा सांगितलं की आता लेझर वेल्डिंगचं मशीन आणतो, त्याचा सांधा इतका साफ येतो की घासायला फारसं लागतच नाही, तेव्हा टीचर लगेच म्हणाल्या, "मगे इतके दिस कोणाची वाट बघी होतंस?"

मशीन आलं. कपाटाएवढं, चाकांवर उभं. त्यातून एक जाड केबल आणि केबलच्या टोकाला हातात धरायची गन. पुण्याहून एक तरुण ते शिकवायला आला. शिकणारे होते सायमन आणि आमचे जुने वेल्डर गोपाळकाका. मी ऑफिसात मापं आणि बिलं बघायचे, पण मलाही शिकायचं आहे असं मी सायमनला चाचरत सांगितलं. तो विचारात पडला. टीचर न बोलावता आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हिला शिकव. शाळेत हिची शिवण कायम वाकडी. पण सगळ्या वर्गात हिच्याच बोटात कधी सुई गेली नाही. भिणारी मुलगी आहे. अशा मशीनला भिणारं माणूसच लागतं."

माझं कौतुक असं कोणी केलं नव्हतं. मी गॉगल चढवला.

त्या तरुणाने दिवसभर झपाट्याने सगळं दाखवलं आणि काय करू नये, ते शेवटी बॅग भरता भरता सांगितलं. टीचरनी त्याला थांबवलं. "हे शेवटचं परत सांगा. सावकाश." त्याने सांगितलं. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे डोळे मिटायचं भान राहत नाही. चकचकीत पत्र्यावरून तो आरशासारखा उलटतो. म्हणून आत जो कोणी असेल त्या प्रत्येकाला याच मशीनचा गॉगल हवा, नेहमीच्या वेल्डिंगची काच इथे चालत नाही. मशीनमधून निघालेल्या वायरची क्लिप कामाच्या पत्र्याला लावलेली असेल आणि गनचं नोझल त्या पत्र्याला टेकलं असेल, तरच गन पेटते. ती क्लिप गनलाच बांधून ठेवायची नाही. काम नसेल तेव्हा किल्ली काढायची. टीचरनी प्रत्येक गोष्टीवर "का?" विचारलं. बिचाऱ्याची पुण्याची गाडी चुकता चुकता राहिली.

दुसऱ्या दिवसापासून कारभार त्यांच्याकडे गेला. मशीनसाठी शेडमध्ये वेगळी खोली बांधली, भिंतींना चमक नसलेला काळा रंग दिला. दाराला जाड पडदा शिवायचं त्यांच्या मनात होतं, कापडही काढून ठेवलं होतं. साध्या कापडाला या उजेडाने आग लागेल असं फोनवर कळलं, तेव्हा त्यांनी ते परत घडी करून पेटीत ठेवलं आणि पत्र्याचं दार करून घेतलं. दारावर धोक्याचा दिवा हवा म्हणून घरातला तारा आणला आणि मशीन चालू झालं की तो पेटेल अशी जोडणी करून घेतली. किल्ली त्यांनी गळ्यातल्या क्रुसाच्या साखळीत अडकवली.

सकाळी त्या हजेरी घेत. आमची नव्हे, वस्तूंची.

"गॉगल?"

"हजर, टीचर."

"हातमोजे?"

"हजर."

"पाणी?" मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी मी बघून यायची. "हजर."

"गॅस? क्लिप? दार?"

सगळं हजर झालं की किल्ली मिळे. गोपाळकाका या प्रकाराला कंटाळत. पण पाद्रींचीसुद्धा सुटका नव्हती. मशीनला आशीर्वाद द्यायला ते आले, तेव्हा मशीन बंद होतं. तरी टीचरनी त्यांना गॉगल घालायला लावला. हिरव्या काचेतून पुस्तकातली अक्षरं दिसेनात, म्हणून त्यांनी पाठ होती तेवढी प्रार्थना म्हटली. पवित्र पाणी शिंपडायला हात उचलला, तर टीचर मधे आल्या. "फादर, दुरून. तेका करंट आसा." दसऱ्याला गोपाळकाकांनी मशीनला झेंडूचा हार घातला, तोही त्यांनी हवेच्या जाळीवरून काढून वर ठेवला. "हार गळ्यात घाल रे गोपाळा, नाकार नको."

मला त्यांनी लगेच गन दिलीच नाही. आपल्या घरी नेलं, पायमशीनपुढे बसवलं आणि सुईतला दोरा काढून टाकला. खाली जुनं वर्तमानपत्र सरकवलं. "या दोन बातम्यांच्या मधल्या रेघेवरून जा. भोकं रेघेवर पडली पाहिजेत, आणि एकसारख्या अंतरावर." ऑफिसातलं काम संपलं की मी वर्तमानपत्रं शिवत बसायची. टीचर तो कागद खिडकीसमोर धरून भोकं बघायच्या. "इथे घाई केलीस. इथे कोणीतरी आलं होतं, मान वळवलीस." दोन्ही खरं असे.

मग गन हातात आली, पण बंद मशीनची. पत्र्यावर खडूची रेघ आणि त्या रेघेवरून मेलेली गन न्यायची. चाप ओढायचं बोट सरळ, बाहेर. नोझल टेकलं की बोट आत. उचलायच्या आधी बोट बाहेर. हे इतक्या वेळा केलं की घरी नळीने झाडांना पाणी घालतानाही माझं बोट सरळ राहू लागलं. आई म्हणायची, "गो, बोटाक लागला काय?"

टीचरच्या लेखी लेझर वेल्डिंग म्हणजे शिवणकाम होतं. पत्र्याचे दोन काठ म्हणजे कापडाचे काठ. गनमधून येणारी बारीक तार म्हणजे दोरा. उजेडाचा ठिपका डावीउजवीकडे हलतो, ते झिगझॅग. आधी थोड्या थोड्या अंतरावर पत्रा पकडून घेतात त्याला वेल्डरही टाकेच म्हणतात, याचा त्यांना फार आनंद झाला होता. जिथे त्यांची तुलना बसत नसे तिथे त्या मशीनला दोष देत.

पहिल्यांदा खरा सांधा मारला, तेव्हा मी इतकी सावकाश गेले की पत्र्याला भोक पडलं. दुसऱ्यांदा इतकी जलद, की दोन काठ जुळलेच नाहीत. बऱ्याच पत्र्यांची वाट लावल्यावर एकदा बारीक खवल्यांसारखी सरळ रेघ उमटली. टीचरनी गार झाल्यावर तिच्यावरून नख फिरवलं. "सातवीत अशी तुरपाई केली असतीस, तर मी तुला नापास केलं नसतं," त्या म्हणाल्या.

गोपाळकाका मात्र यातल्या कशालाही जुमानत नव्हते. ते टीचरच्याच वाडीतले, त्यांच्याच वयाचे. साध्या वेल्डिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. काच न लावताच टाका मारायचा, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं तर झोपताना बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या, सकाळी परत कामावर, असं त्यांचं आयुष्य गेलं होतं. टीचर त्यांना सांगत, "गोपाळा, ह्या उजेडाक बटाटो चलाचो नाय." ते हसत आणि तेवढ्यापुरता गॉगल घालत.

नाताळ जवळ आला होता. किनाऱ्यावरच्या एका होमस्टेचं किचन पर्यटक यायच्या आत लावून द्यायचं होतं. त्यातच टीचरना भाचीच्या लग्नासाठी आरोंद्याला जावं लागलं. किल्ली सायमनकडे देऊन त्या गेल्या. दुपारी सायमन तयार सिंक बसवायला होमस्टेवर गेला आणि किल्ली मशीनलाच राहिली.

मी ऑफिसात मापं काढत होते. समोर तारा पेटलेला दिसत होता, म्हणजे काका आत काम करत होते. थोड्या वेळाने प्लास्टिक जळल्याचा वास आला. मी उठेपर्यंत तारा विझला आणि काका बाहेर आले. जुनं हेल्मेट काखेत, तोंडाला रंग नाही. त्यांनी आत बोट दाखवलं.

टीचरच्या खुर्चीच्या पाठीला भोक पडलं होतं. कडा वितळून खाली ओघळल्या होत्या आणि मागच्या भिंतीचा रंग पोळला होता. झालं होतं असं, की पत्र्यावरची प्लास्टिकची फिल्म न काढल्याने क्लिप नीट लागत नव्हती, गन सारखी बंद पडत होती. वैतागून काकांनी क्लिप सरळ गनच्या नोझललाच बांधली. मग गन कुठेही पेटू शकत होती. तार अडकली म्हणून त्यांनी गन तोंडासमोर बघायला उचलली, बोट चापावरच होतं. नशिबाने गनचं तोंड त्यांच्याकडे नव्हतं.

"ती हयसर बसता," काका म्हणाले. एवढंच. मग पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून प्यायले.

संध्याकाळी सायमन आला. त्याला सगळं कळल्यावर तो काकांना म्हणाला, "काका, तुमी उद्यापासून येव नको." काकांनी मान हलवली. जाताना त्यांनी आपला टॉवेल धुतला, पिळला आणि त्या खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीचर आरोंद्याहून आल्या त्या थेट शेडमध्ये. काका आपली हत्यारं गोळा करायला आले होते. टीचर खुर्चीजवळ गेल्या, टॉवेलकडे बघितलं आणि काकांना म्हणाल्या, "आज माझ्या पाठीची इतकी काळजी?" त्यांनी टॉवेल उचलला. भोकात बोट घालून बघितलं, मग वाकून भिंतीवरचा डाग बघितला. आम्ही मालवणी सुरू व्हायची वाट बघत होतो. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून झग्याला टोचल्या आणि त्याच खुर्चीत बसल्या.

"डोळे कसे आहेत तुझे?" त्यांनी काकांना विचारलं.

"बरे आसत, बाय."

"आधी डॉक्टरकडे जा. दाखवून ये. चिठ्ठी मला दाखव."

सायमन म्हणाला, "आंटी, काकांका मी काढलंय कामावरसून."

"तेका काढलंस तर तो दुसऱ्या वर्कशॉपात जातलो," टीचर म्हणाल्या. "थंयसर पण हीच मशीन आसतली. आणि थंयल्या खुर्चेत कोणतरी बसलेला आसतला." त्यांनी टॉवेलची घडी घातली. "काढू नको. मी शिकवतंय तेका."

डॉक्टरांनी डोळे ठीक असल्याचं सांगितलं आणि त्याच दिवशी दुपारी गोपाळकाका टीचरच्या ओसरीवर पायमशीनपुढे बसले. तो देखावा बघायला वाडीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून येत होत्या. काकांचे पाय एवढे मोठे, की पायाखालचं पेडल दिसतच नसे. चाक उलटं फिरे, कागद फाटे आणि काका दातओठ खात मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. टीचर शांतपणे नवा कागद सरकवत. "गोपाळ, मान वळवू नका." शिकवताना त्या त्यांना अहोजाहो करत. काकांना त्याचीच जास्त भीती वाटे.

पण हात जन्मभराच्या कारागिराचा होता. नाताळच्या आधीच त्यांची भोकं माझ्यापेक्षा सरळ पडू लागली. हजेरीच्या वेळी "क्लिप?" असं टीचरनी विचारलं, की ते जागेवरून ओरडत नसत, उठून जाऊन हात लावून येत आणि मग सांगत, "पत्र्याक आसा, बाय."

त्याच दिवसांत टीचर एकदा मला म्हणाल्या, "माका एक शिवण मारूची आसा." मला आश्चर्य वाटलं नाही. सगळ्यांना शिकवायचं आणि स्वतः कधी गन धरायची नाही, हे त्यांना जड जातंय हे मला कधीचं दिसत होतं. नाताळच्या दोदोलच्या गोड वड्या थापायला त्यांना एक ट्रे हवा होता. पत्र्याचे चारही काठ वर दुमडून दिले, की चार कोपऱ्यांचे चार छोटे सांधे तेवढे उरतात.

त्यांनी गॉगल घातला, हातमोजे घातले आणि मला म्हणाल्या, "हजेरी घे." मी घेतली. सगळं हजर होतं. आधी नेहमीप्रमाणे गन न पेटवता नुसतं नोझल कोपऱ्यावरून नेऊन बघायचं ठरलं. नोझल पत्र्याला टेकलं की मशीनच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटतो. टीचरनी गन टेकवली आणि तो ठिपका लुकलुकायला लागला. आला, गेला, आला, गेला. त्यांचा हात कापत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तरी तो लुकलुकतच होता.

मी पडद्याकडे बघत होते. त्यांना तो दिसत नव्हता, की दिसत होता, कोण जाणे. मला लहानपणी छडी मारणाऱ्या बाईंना मी नाही कसं म्हणायचं? पण दुसऱ्या कोणाचा हात असा असता, तर त्यांनी त्याला गनजवळ एक क्षणही थांबू दिलं नसतं.

"टीचर," मी म्हटलं, "आज नको."

त्यांनी आधी बोट चापाबाहेर सरळ केलं. मग गन जागेवर ठेवली. "बरोबर," त्या म्हणाल्या आणि हातमोज्याचं एकेक बोट ओढून हातमोजे काढले. संध्याकाळी रोज त्यांच्या घरून आमच्यासाठी चहा यायचा. त्या दिवशी आला नाही.

हे सगळं गोपाळकाका दारात बसवलेल्या, गॉगलसारख्याच हिरव्या छोट्या काचेतून बघत होते.  त्यांनी भंगारातून एका जुन्या टेबलाचा ड्रॉवर काढला, त्याच्या बाजूची सरकती पट्टी सोडवली, तिच्यावर गन घट्ट बसेल अशी पकड तयार केली आणि ती पट्टी ट्रेच्या कोपऱ्यावर आवळून बसवली. आता गन हवेत धरायची गरजच नव्हती. ती पट्टीवर बसायची, नोझल पत्र्याला चिकटून राहायचं. ढकललं की सरळ रेघेत सरकायचं. तुकड्यांवर स्वतः चालवून बघितल्यावरच त्यांनी टीचरना बोलावलं.

"बाय, धरूची नाय. फक्त ढकलूची."

टीचरनी ती पट्टी उलटसुलट तपासली. "माझा हात सुटला तर?"

"चापावरसून बोट सुटताच बंद."

"कोपऱ्यापलीकडे गेली तर?"

"जातली नाय. फुडे बोल्ट मारलंय."

"क्लिप?"

"पत्र्याक. तुमीच बघा."

त्यांनी बघितली. मग आम्ही सगळ्यांनी गॉगल घातले, सायमन मशीन झटकन बंद करायच्या लाल बटणाजवळ उभा राहिला आणि दार लागलं. टीचर वाकल्या. हिरवा ठिपका या वेळी स्थिर होता. बारीक चर्रर्र आवाज झाला, निळसर ठिणगी पट्टीच्या कडेने हळूहळू पुढे गेली आणि थांबली. त्यांनी बोट बाहेर काढलं, सरळ केलं, मगच श्वास सोडला. चारही कोपरे त्यांनी एकटीने केले. आमच्यापैकी कोणाला हात लावू दिला नाही.

ट्रे गार झाल्यावर तो बाहेर माडाखाली दोन विटांवर ठेवला. टीचरनी स्वतः कळशीभर पाणी त्यात ओतलं आणि आम्ही चौघं वाकून खाली बघत राहिलो. तीन कोपरे कोरडे होते. चौथ्याखाली एक थेंब जमला, लोंबला आणि मातीत पडला. मग दुसरा.

गोपाळकाका घाईने म्हणाले, "रवांदे बाय, तो मी मारतंय. वायचसाच आसा."

टीचरनी ट्रेमधलं पाणी माडाच्या मुळात ओतलं आणि ट्रे काखेत घेतला. गॉगल अजून कपाळावरच होता.

"हात लाव नको तेका," त्या खुशीत म्हणाल्या. "उद्या परत माकाच करूक लागतला."